शस्त्रसुधारणा आणि खेळाडूचा विवेक

मारधाडीच्या व्हिडिओ गेमांतील शस्त्रांविषयी जेव्हा चर्चा होते, तेव्हा ती बहुधा त्यांतील हिंसेपुरतीच मर्यादित राहते. ही शस्त्रे खेळाडूच्या हाती कशी येतात, ती कोणत्या क्रमाने सुधारली जातात आणि त्या सुधारणेचे मोल त्याला कशाच्या रूपाने द्यावे लागते, हा प्रश्न मात्र सहसा उपेक्षित राहतो. वस्तुतः अशा खेळाचे मर्म पुष्कळदा याच हिशेबात दडलेले असते. 'रेसिडेंट ईव्हिल ४' हा खेळ या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

जपानमधील कॅपकॉम या कंपनीने हा खेळ जानेवारी २००५ मध्ये निन्टेन्डोच्या गेमक्यूब या यंत्रासाठी प्रसिद्ध केला. त्याचे दिग्दर्शन शिंजी मिकामी यांचे आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची कन्या ॲशली हिचे अपहरण झाले असून तिच्या शोधार्थ लिऑन केनेडी हा नायक स्पेनमधील एका दुर्गम खेड्यात येतो. तेथून कथानक एका दुर्गात व पुढे एका बेटावर जाते. या मालिकेचा पहिला खेळ १९९६ साली आला होता. त्यातही गोळ्यांची टंचाई होती आणि जवळ बाळगण्याच्या वस्तूंवर बंधन होते. परंतु शस्त्रे सापडतील तशीच वापरावी लागत. चौथ्या खेळाने या टंचाईला बाजाराची जोड दिली.

या बाजाराचा प्रतिनिधी म्हणजे वाटेत ठिकठिकाणी भेटणारा एक अनामिक व्यापारी होय. शत्रूंकडून मिळालेले 'पेसेटा' हे नाणे किंवा शोधून काढलेली रत्ने व अलंकार विकून आलेला पैसा देऊन त्याच्याकडून नवी शस्त्रे घेता येतात, किंवा जवळची शस्त्रे सुधारून घेता येतात. ही सुधारणा मुख्यतः चार गुणांची असते: मारकशक्ती, गोळीबाराचा वेग, गोळ्या पुन्हा भरण्याचा वेग आणि एका वेळी मावणाऱ्या गोळ्यांची संख्या. प्रारंभीच्या साध्या पिस्तुलाची मारकशक्ती १.० असते व पायरीपायरीने ती २.० पर्यंत नेता येते. सर्व पायऱ्या प्रारंभापासून खुल्या नसतात. कथानक पुढे सरकते तसतशा त्या उपलब्ध होतात. एखाद्या शस्त्राचे सर्व गुण परमावधीस पोहोचले, म्हणजे त्या शस्त्रापुरती एक खास सुधारणा विकत घेता येते. 'पनिशर' या पिस्तुलाची गोळी त्यानंतर पाच शत्रूंना भेदून जाते, तर 'स्ट्रायकर' या शॉटगनमध्ये एका वेळी १०० काडतुसे मावतात.

ही रचना केवळ आकड्यांच्या वाढीची असती, तर तिच्यात विशेष काही नव्हते. तिला अर्थ प्राप्त होतो तो बंधनांमुळे. पहिले बंधन पैशाचे. एका शस्त्रावर केलेला खर्च दुसऱ्यावर करता येत नाही, आणि सुधारलेले शस्त्र विकल्यास घातलेले सर्व द्रव्य परत येत नाही. दुसरे बंधन जागेचे. लिऑनच्या पेटीत चौकोनांची जाळी आखलेली असते. पिस्तूल त्यांतील ६ घरे व्यापते, तर साधी शॉटगन १६. अधिक शस्त्रे म्हणजे औषधी वनस्पतींना व हातबॉम्बना कमी जागा, हे समीकरण अटळ आहे. तिसरे बंधन गोळ्यांचे. व्यापारी शस्त्रे विकतो, पण त्यांच्या साध्या गोळ्या विकत नाही. त्या वाटेत शोधाव्या लागतात. येथेच रचनेतील एक सूक्ष्म दुवा लक्षात येतो. गोळ्यांची क्षमता वाढवून घेतली असता ते शस्त्र विनामूल्य पूर्ण भरून मिळते. म्हणून जाणता खेळाडू ही सुधारणा लगेच घेत नाही. शस्त्र रिकामे होईपर्यंत ती राखून ठेवतो. सुधारणा कोणती, याइतकाच ती केव्हा घ्यावी हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

यावर एक आक्षेप संभवतो. दुर्गातील व बेटावरील शत्रू खेड्यातील शत्रूंपेक्षा अधिक चिवट असतात. शिवाय खेळाडूच्या कामगिरीनुसार खेळ आपली काठिण्यपातळी काही अंशी आपोआप बदलतो. मग शस्त्रांची प्रगती हा आभासच नव्हे काय? शक्ती वाढली आणि प्रतिकारही वाढला, तर खेळाडू मूळ जागीच उभा राहिला, असे म्हणता येईल. आकड्यांपुरता हा आक्षेप बराचसा खरा आहे. परंतु या खेळात आकडा सर्वस्व नसतो. शत्रूच्या पायावर किंवा चेहऱ्यावर नेमकी गोळी लागली, की तो क्षणभर लडखडतो आणि त्याला लाथ मारून गोळ्या वाचवता येतात. अशा प्रसंगी दुर्बळ पिस्तूलही पुरेसे ठरते. सुधारलेले शस्त्र कौशल्याची जागा घेत नाही. कौशल्य कोठे खर्चावे याचे स्वातंत्र्य देते. प्रगती होते ती या निवडीच्या क्षेत्रात, आणि ती आभासात्मक नाही.

हा भेद किती मोलाचा आहे, हे पुढील काळातील एका घटनेवरून स्पष्ट होते. मार्च २०२३ मध्ये या खेळाची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत खास सुधारणेसाठी एक परवाना ठेवण्यात आला. तो असल्यास आधीच्या पायऱ्या पूर्ण न करताही ती सुधारणा घेता येते. खेळात हा परवाना मिळवण्यासाठी व्यापाऱ्याने सांगितलेली कामे करून रत्ने गोळा करावी लागतात. एप्रिल २०२३ मध्ये मात्र हेच परवाने प्रत्यक्ष पैशाने विकत देण्यास कंपनीने प्रारंभ केला. हा खेळ एकट्याने खेळावयाचा असल्याने यात दुसऱ्या कोणावर अन्याय होत नाही, असे समर्थन करता येईल आणि ते निराधारही नाही. तथापि हानी प्रतिस्पर्ध्याची नसून निर्णयाची होते. पेसेटा खर्चताना खेळाडू एक शक्यता स्वीकारतो व दुसरी सोडतो. त्या त्यागामुळेच शस्त्र त्याचे स्वतःचे होते. खेळाबाहेरच्या पैशाला खेळातील टंचाईचे बंधन नसते, आणि म्हणून त्याने घेतलेल्या सुधारणेत कोणताही त्याग अंतर्भूत नसतो.

तात्पर्य, शस्त्रसुधारणेची पद्धती चांगली की वाईट हे तिच्यातील शस्त्रांच्या संख्येवरून किंवा संहारक्षमतेवरून ठरत नाही. ती खेळाडूला विचार करावयास लावते की त्या विचाराची सुटका विकत देते, हीच तिची खरी कसोटी होय.