मागच्या गादीवरून

आदिलाबादच्या एका शोरूममध्ये मी तासभर एकेका गाडीच्या पुढच्या गादीवर बसून हँडल हलवत होतो. विक्रीवाला मुलगा टंकी किती लिटरची, ताकद किती, मोबाइल कुठं जोडायचा, सगळं पाठ म्हणून दाखवत होता. बायको पंख्याखालच्या खुर्चीत बसली होती. ती उठली, डबल स्टँडवर लावलेल्या एका गाडीपाशी गेली, निऱ्या डाव्या हातानं उचलल्या आणि मागच्या गादीवर एका बाजूनं बसायला गेली. टाच फुटरेसला टेकेना. उजव्या हाताला धरायला काही सापडेना. ती खाली उतरली आणि मला म्हणाली, "यावर माहूरला जायचं असेल तर तुम्ही जाऊन या. मी बसनं येते."

मुलगा हसला. मी हसलो नाही. तिला मागं बसवून माझी पंचवीस वर्षं गेली होती, आणि मागची गादी जमिनीपासून किती उंच असते हे मला ठाऊक नव्हतं. त्या मुलालाही नव्हतं. माहितीपत्रकातही नव्हतं. तिथं 'गादीची उंची' असा एकच आकडा असतो, आणि तो चालवणाऱ्याचा असतो. मागची गादी त्याच्याहून चार बोटं उंच आहे की वीतभर, ते छापायची रीत नाही. त्या दिवशी शिंप्याकडची टेप घेऊन मी पुन्हा शोरूममध्ये गेलो. हा लेख तिथून सुरू झाला.

आमचं भीमपूर आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. 2016 च्या ऑक्टोबरात तेलंगणात नवे जिल्हे आणि नवी मंडलं झाली, तेव्हा ते मंडलाचं ठिकाण झालं. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. अंतरगाव, करंजी, आर्ली, निपाणी ही नावं वाचून कुणाला आपण महाराष्ट्रातच आहोत असं वाटावं. पाट्या मात्र तेलुगू. सोयरीक दोन्ही काठांना. एकाच घरात एपी 01, टीएस 01 आणि टीजी 01 अशा तीन पाट्यांच्या गाड्या निघतात, आणि लग्नाच्या मांडवाबाहेर त्यांच्या शेजारी एमएच 29 आणि एमएच 26 उभ्या असतात. बस तिच्या वेळेला येते, पण मयत आणि बाळंतपण काही तिची वेळ पाहून येत नाही. म्हणून मोटरसायकल, आणि ती बहुतेक वेळा डबल सीट.

हा शब्दही पाहण्यासारखा आहे. इंग्रजीत मागच्या स्वारीला 'पिलियन' म्हणतात. तो गेलिक भाषेतून आलेला शब्द आहे. घोड्याच्या खोगिरामागं, बहुधा बाईला बसायला, बांधायची उशी असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे तिकडच्या शब्दात एक मुख्य स्वार आहे आणि मागं जोडलेली उशी आहे. आपण 'डबल सीट' हे इंग्रजीच दोन शब्द उचलले आणि त्यांचं क्रियाविशेषण करून टाकलं: 'आम्ही डबल सीट गेलो.' यात मागचा-पुढचा कुणी नाही, दोघंही गेले. 2015 मध्ये समीर विद्वांसांनी याच नावाचा सिनेमा काढला तेव्हा मराठी प्रेक्षकाला नाव समजावून सांगावं लागलं नाही.

आमच्याकडचं 'टूरिंग' म्हणजे लडाख नव्हे. किनवटवरून माहूर, रेणुकेचा चढ. राष्ट्रीय महामार्ग 44 धरून केळापूरची जगदंबा. पौष अमावास्येला केसलापूरची नागोबा जत्रा. कधी बासर. जाऊन-येऊन दिवस मोडतो, त्यात काही पट्टे गुळगुळीत आणि काही असे की मागची बाई "हळू" एवढाच शब्द तासभर म्हणत राहते. हिवाळ्यात पहाटे निघालं तर थंडी बोचते. तेलंगणातल्या सर्वांत थंड गावांच्या बातमीत आमच्या आर्लीचं नाव बरेचदा असतं. शिवाय टिपेश्वर अभयारण्यातले वाघ नदी ओलांडून इकडे येतात, तेव्हा शेतावर एकटं कुणी जात नाही. 'वॉकर' नावाचा वाघ 2019 मध्ये टिपेश्वरहून निघाला, आदिलाबादकडून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण 3,000 किलोमीटरांच्या वर चालला. आमच्या मुलुखातला सर्वांत मोठा टूरिंगवाला तोच. जोडीदार शोधत होता म्हणतात. म्हणजे तोही डबल सीटच्याच खटपटीत.

मागच्या माणसाचा विचार कुणी लेखी केला असेल तर तो, आश्चर्य म्हणजे, सरकारनं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 123 वा नियम म्हणतो की मागं बसायची सोय असलेल्या मोटरसायकलला धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला फुटरेस हवा, आणि मागचं चाक निदान अर्धं झाकेल असं आवरण हवं, कारण बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत. हे आवरण म्हणजे आपलं साडीगार्ड. नियमात साडी हा शब्द नाही, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पदर होता यात मला शंका नाही.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत सायलेन्सर उजवीकडे आणि चेन डावीकडे असते. वाहतूक डाव्या हाताची, त्यामुळं चढणं-उतरणं डावीकडून, पाय डावीकडे, पदर डावीकडे. बाई एका बाजूनं बसते ती नेमकी चेनच्या आणि फिरत्या आऱ्यांच्या बाजूला. म्हणून जुन्या गाड्यांना पूर्ण चेन कव्हर असायचं. आता चेन उघडी ठेवायची फॅशन आहे. साडीगार्ड कंपनी देते, पण आमच्याकडची काळी माती त्याचा जीव घेते. जुलैत कापसाच्या शेताकडच्या वाटेवर ती चाकाला अशी चिकटते की मडगार्ड आणि टायरच्या मध्ये वीट तयार होते, चाक फिरेनासं होतं, मग माणूस काडीनं कोरत बसतो. दुसऱ्या खेपेला तो वैतागून साडीगार्डचे दोन बोल्ट काढतो. पावसाळ्यात काढलेलं साडीगार्ड गोठ्याच्या आढ्याला लटकत राहतं. दिवाळीला भाऊबीजेसाठी बहीण मागं बसते तेव्हाही ते तिथंच असतं.

मी एक उपद्व्याप केला. आठवडाभर पुतण्याला गाडी चालवायला लावून स्वतः मागं बसलो, भीमपूर ते आदिलाबाद. दोन दिवस तर मुद्दाम एका बाजूनं. गावानं हसून घेतलं. पहिली गोष्ट कळली ती ही, की मागच्याला खड्डा दिसत नाही. पुढचा हँडलवर हात घट्ट करतो, ढुंगण जरा उचलतो. मागच्याला धक्का अचानक बसतो, सरळ माकडहाडात. एका बाजूनं बसलं तर कंबर पिळलेली, दोन्ही पायांना मिळून एक फुटरेस, आणि ब्रेक लागला की अंग पुढं न जाता कडेला सरकतं. उजवा हात काय धरील त्यावर सगळं. गादीच्या मधोमध आडवा पट्टा असतो, तो धरायला गेलं तर आपल्याच मांडीखाली.

पायाला येणाऱ्या मुंग्यांचं कारण गल्लीतल्या मेकॅनिकनं दाखवलं. जुन्या बऱ्याच गाड्यांत मागचे फुटरेस चौकटीला नसतात. चाक ज्या दांड्याला बसतं त्या स्विंग आर्मलाच जोडलेले असतात. चाक उसळलं की फुटरेस उसळतो. गादीखाली स्प्रिंग आहे, पायाखाली नाही. हे पाहायला गाडी चालवून बघावी लागत नाही, वाकून बघावं लागतं.

त्यानंच मागच्या शॉकअपवर कापड फिरवलं. चिखलाखालून खाचांची कडी निघाली. "काका, पाच खाचा हायेत. तुमचा पहिल्यावरच हाये, कंपनीतून आला तसा." टूलकिटमधला वाकडा पाना मी कधी हातात घेतला नव्हता. एकट्यासाठी मऊ, दोघांसाठी घट्ट, असं ते कडं फिरवायचं असतं. मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकावर बसतो, त्याचं बहुतेक वजन एकट्या मागच्या स्प्रिंगवर येतं, गाडीचं नाक वर होतं आणि रात्री हेडलाइट झाडाच्या शेंड्यावर पडतो. वर्षानुवर्षं मी दिव्याला दोष देत होतो.

हवेचंही तेच. स्प्लेंडरच्या पुस्तिकेत मागच्या टायरला एकट्यासाठी 28 आणि दोघांसाठी 41 असे दोन आकडे असतात. पल्सर 150 ला 28 आणि 32. दुसरा आकडा मी आयुष्यात मागितला नव्हता. हवा कमी असली की टायर वाकतो, तापतो, आणि वळणावर मागची बाजू लचकते. मागची बाई तेव्हा आपल्याला घट्ट धरते आणि आपल्याला ते प्रेम वाटतं.

आता गाड्यांकडे. स्प्लेंडरचं वजन 112 किलोच्या आसपास. आम्ही दोघं, पिशवी आणि देवीची ओटी धरून गाडीहून जड होतो. घोड्यापेक्षा स्वारी भारी झाली की घोड्याची चाल बदलणारच. दोन चाकांमधलं अंतर तिचं 1,236 मिलिमीटर. होंडाच्या हायनेस सीबी 350 चं 1,441 आणि वजन 181 किलो. रॉयल एन्फील्ड क्लासिक 350 चं वजन 195. अंतर जास्त असलं तर मागची गादी चाकाच्या डोक्यावर न येता जरा पुढं येऊ शकते, आणि खड्ड्याची उसळी तेवढी कमी पोचते. जड गाडीला मागं माणूस बसला-उतरला तरी फार कळत नाही. उलट तीच गाडी चिखलात आडवी झाली तर उचलायला वाटसरू शोधावा लागतो, हेही धरून चालावं.

बुलेटचं इथलं वेड निव्वळ आवाजाचं नाही. 1955 मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया सुरू झाली ती सैन्याच्या 350 च्या मागणीवर. ते जुनं 346 सीसीचं इंजिन 70 मिलिमीटर रुंद आणि 90 मिलिमीटर उंच धावेचं. कमी फेऱ्यांतच ओढणारं. म्हणजे गिअर कमी वेळा बदलायचे, आणि दर गिअरला मागच्याचं हेल्मेट पुढच्याच्या हेल्मेटवर आपटतं ते कमी. थरथर मात्र भरपूर. नव्या 349 सीसीच्या इंजिनात तोल साधणारा वेगळा दंड घातला आहे. 2020 ची मीटिअर आणि 2021 ची क्लासिक त्याच्यावर आहेत.

पुण्याच्या बजाजनं 2005 मध्ये ॲव्हेंजर आणली. गादी इतकी बुटकी (220 ची 737 मिलिमीटर) की कुणालाही पाय टेकवता यावेत. लांब, ऐसपैस, मागं पाठ टेकायला आधार. एका बाजूनं बसणारीला मात्र पाठीचा आधार आडवा येतो. तो दोन्हीकडे पाय टाकून बसणारीसाठी आहे. सलवार-कमीजवाली सून आणि नऊवारीवाली सासू यांची गाडी एक नसते, हे आमच्या घरात मी फार उशिरा मान्य केलं. शर्यतीच्या थाटाच्या गाड्यांबद्दल तर बोलायलाच नको. 2011 च्या यामाहा आर 15 पासून पोरांना तुटक, उंच मागची गादी आवडू लागली. पुतण्याच्या गाडीवर त्याची आई एकदाच बसली.

याच्या दुसऱ्या टोकाला होंडाची गोल्ड विंग. 1975 पासून निघते, आता 1,833 सीसी, सहा सिलिंडर, आणि टूर प्रकारात मागच्याला कोच म्हणावा अशी पाठ आणि गरम होणारी गादी. भारतात किंमत चाळीस लाखांच्या आसपास. आमच्याकडे तेवढ्यात शेत येतं. पण तिची आठवण एवढ्यासाठी, की ती आखणाऱ्यांनी मागच्या गादीला उशी समजलं नाही.

मधल्या आमच्यासारख्यांनी काय करावं? आम्ही केलं ते असं. तिनं साडी नेसून, पिशवी घेऊन यायचं. गाडी स्टँडवर नको, मी पुढं बसून दोन्ही पाय टेकवलेले असावेत. घरी ती ओट्यावरून चढते. माहूरच्या पायथ्याशी ओटा नाही, म्हणून सपाटीवरून चढून पाहायचं. साडीगार्डवरचा फुटरेस किती रुंद, दोन्ही टाचा मावतात का. उजव्या हाताची मूठ बसल्यावर सापडते का. मग चाचणी फेरी शोरूमपुढच्या डांबरी रस्त्यावर नको, रेल्वे फाटकावरून. आणि त्या फेरीत मी तोंड उघडायचं नाही.

तीन गाड्या तिनं नापास केल्या. चौथी दसऱ्याला घेतली. कोणती ते सांगत नाही, तिची उंची तुमच्या घरातल्या माणसाची नाही. कडी दोन खाचा पुढं फिरवली. साडीगार्डला वाढीव चार इंची पट्टी वेल्डरकडून जोडून घेतली, मध्ये चिखल पडायला फट ठेवून.

कोजागिरीनंतर माहूरला निघालो. महामार्गाच्या आधी पंपावर हवा भरायला थांबलो. पोरानं नळी पुढच्या चाकातून काढली, मागं आला, आणि माझ्याकडे पाहत म्हणाला, "काका, मागं किती?"

मी पुस्तिका आठवत होतो.

"छत्तीस," मागून आवाज आला. "दोघं हाव आम्ही."