कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांतला फ्लॅश : तो का चमकतो, कसा काढायचा आणि कधी काढू नये

मागच्या व्याख्यानानंतर एक ताई थांबल्या होत्या. त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. दिवाळीतला, रात्रीचा, अंगणातला. नातू रांगोळीपाशी बसलाय, शेजारी घरचा कुत्रा. नातू झकास आलाय. कुत्र्याच्या तोंडावर मात्र डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे. ताई म्हणाल्या, "तो आता नाही. जवळून काढलेला त्याचा हा एकच फोटो आहे. भिंतीवर लावायचाय, पण असा लावला तर भूत वाटंल." आम्ही करून देतो म्हणालो, आणि आजचा विषय तिथंच ठरला.

आधी हे दिवे येतात कुठून ते बघू. कारण कळलं की निम्मं काम होतं.

माणसाच्या फोटोत डोळे लाल येतात, हे सगळ्यांनी पाहिलंय. अंधारात बाहुली मोठी झालेली असते. फ्लॅशचा उजेड तिच्यातून आत जातो, मागच्या दृष्टिपटलावर आणि त्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरावर आपटतो आणि लाल होऊन आल्या वाटेनं परत येतो. कुत्रा, मांजर, गाय, म्हैस, घोडा यांच्या डोळ्यात त्याहून एक गोष्ट जास्त असते. दृष्टिपटलाच्या मागं आरशासारखा एक थर असतो, त्याला टॅपेटम ल्युसिडम म्हणतात. दृष्टिपटलातून निसटलेला उजेड हा थर परत उलटा फेकतो, म्हणजे त्याच उजेडाचा डोळ्याला दुसऱ्यांदा उपयोग होतो. रात्री वावरणाऱ्या जनावराला ही मोठीच सोय. आपल्याला ती नाही, माकडांना नाही, डुकरालाही नाही.

आपल्याकडं हे बघायला लांब जायला नको. पाडव्याला संध्याकाळी म्हशी सजवून बाहेर काढतात, शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं लावलेली. अंधार पडल्यावर कुणीतरी मोबाइलचा फ्लॅश मारतो आणि फोटोत दागिन्यांपेक्षा डोळेच जास्त चमकतात. राधानगरीच्या रस्त्यानं रात्री गेलेल्यांनी गव्याचे डोळे गाडीच्या उजेडात पाहिले असतील. गवा दिसायच्या आधी डोळे दिसतात. तिथं फ्लॅशचं काम हेडलाइट करतो आणि कॅमेऱ्याचं काम आपले डोळे. रस्त्यावर जे चमकणारे खिळे बसवतात त्यांना आपण कॅट आय म्हणतो, ते नाव उगीच पडलेलं नाही.

रंगाचं मात्र एकच एक उत्तर नाही. मोठ्या कुत्र्या-मांजरांत बहुधा हिरवा किंवा पिवळा दिसतो, कधी निळसर. पिल्लात हा थर पुरता तयार झालेला नसतो, म्हणून दोन महिन्यांच्या पिल्लाचे डोळे निळे-जांभळे चमकतात आणि तेच पिल्लू पुढच्या दिवाळीत हिरवं चमकतं. निळ्या डोळ्यांच्या हस्कीत किंवा सयामी मांजरात पुष्कळदा माणसासारखा लाल रंग येतो, कारण त्यांच्या डोळ्यात रंगद्रव्य कमी असतं. एक डोळा निळा आणि एक पिवळा असलेलं पांढरं मांजर असतं ना, त्याच्या फोटोत एक दिवा लाल आणि एक हिरवा येऊ शकतो. घाबरायचं काही नाही.

आता भूमितीचा एक छोटा मुद्दा. उजेड आल्या वाटेनं परत जातो, म्हणून फ्लॅश आणि लेन्स जितके जवळ तितकी चमक जास्त. मोबाइलमध्ये दोघांत सेंटिमीटरभर अंतर असतं. कुत्रा दोन मीटरवर बसला असेल तर त्याच्या डोळ्यापाशी हा कोन जेमतेम पाव अंश होतो. मोठ्या कॅमेऱ्यावर पंधरा सेंटिमीटर उंच लावलेला फ्लॅश असेल तर तोच कोन चार अंशांच्या वर जातो. आणि तुम्ही लांब जाऊन झूम केलं तर? कोन आणखी लहान, चमक आणखी जास्त. लोक नेमकं हेच करतात. कुत्रा बुजू नये म्हणून चार पावलं मागं सरतात आणि झूम करतात.

म्हणून पुढच्या फोटोसाठी : खोलीतले सगळे दिवे लावा म्हणजे बाहुली लहान होईल. जनावराला थेट लेन्समध्ये बघू देऊ नका, थोडं बाजूला बघू दे. फिरणारा फ्लॅश असेल तर छताकडं वळवा. कॅमेऱ्यात रेड-आय कमी करायची सोय असते, ती आधी एक-दोन झटके मारून माणसाची बाहुली लहान करते. मांजर त्या पहिल्याच झटक्याला तोंड फिरवतं, आणि बसलं तरी मागचा आरसा काही जात नाही. त्या सोयीवर आम्ही विसंबत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे सकाळी खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून.

पण ताईंच्या फोटोला हे सगळं ऐकवून उपयोग नाही. तो फोटो पुन्हा काढता येणार नाही. तेव्हा दुरुस्तीकडं वळू.

पहिली गोष्ट, मूळ फाइल मागा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, त्यात डोळ्याचे मोजकेच ठिपके उरतात. ताईंकडं मूळ फोटो सुनेच्या जुन्या फोनमध्ये सापडला. शोधायला दोन दिवस लागले, पण ते दोन दिवस वसूल झाले.

दुसरी गोष्ट, रेड-आयचं बटण दाबून बसू नका. ते बटण लाल रंग शोधतं. हिरवा, पिवळा किंवा पांढराफट्ट डोळा त्याच्या हिशेबात येतच नाही. लाइटरूममध्ये जनावरांसाठी 'पेट आय' अशी वेगळी सोय आहे, ती बाहुली काळी करते आणि वर चमकेचा ठिपकाही देते. साध्या फोटोला तेवढ्यानं भागतं. नसेल तर गिंप फुकट मिळतं, त्यात हातानं करू. फोटोशॉपमध्येही रीत हीच.

फोटो उघडला की खऱ्या चित्राला हात लावायचा नाही. त्याच्यावर एक रिकामा लेयर घ्यायचा. डोळा मोठा करून बघा. चमकेच्या आत बहुतेक वेळा आणखी एक लहान, कडक पांढरा ठिपका असतो. तो आतल्या आरशाचा नाही, डोळ्याच्या वरच्या ओल्या पृष्ठभागावरचा आहे. तो खरा आहे आणि तो आपल्याला हवाय. पेंढा भरलेल्या वाघाच्या काचेच्या डोळ्यातसुद्धा तो येतो, आतला हिरवा दिवा मात्र कधीच येत नाही. हा ठिपका आधी कॉपी करून वेगळ्या लेयरवर ठेवा.

मग बाहुली निवडा, फक्त बाहुली. मांजराची बाहुली उन्हात उभी फट असते, पण फ्लॅशच्या फोटोत ती जवळजवळ गोल असते. तिथं आठवणीतली फट रंगवू नका. निवडीची कड दोन-तीन पिक्सेल मऊ करा, नाहीतर कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं दिसतं. त्यात काळा रंग भरा आणि लेयरची ओपॅसिटी ऐंशी-नव्वद टक्क्यांवर आणा. हिरवी झाक बाहुलीबाहेर बुबुळावर, कधी पापणीच्या केसांवरही सांडलेली असते. त्यासाठी आणखी एक लेयर घ्या, त्याचा मोड 'कलर' ठेवा आणि जवळच्या चांगल्या भागातला तपकिरी रंग उचलून हलक्या ब्रशनं फिरवा. या मोडमध्ये रंग बदलतो, उजेड-अंधार तसाच राहतो. शेवटी तो जपून ठेवलेला ठिपका सगळ्यात वर आणा. हरवला असेल तर नवा द्या, पण दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. एक डोळा चांगला आला असेल तर तो कॉपी करून उलटा करण्याचा मोह होतो. डोळा उलटा करा, ठिपका नको. दिवा एकच असताना ठिपके समोरासमोर आले की बघणाऱ्याला काहीतरी चुकलंय असं वाटतं, काय ते सांगता येत नाही.

आणि हे सगळं करून पहिल्यांदा आम्ही चुकलोच. ताईंना दाखवला तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "छान झालाय. पण हा आमचा मोती नव्हे." आम्ही दोन्ही डोळे पूर्ण काळे केले होते. त्याचं बुबुळ मधासारखं होतं आणि बाहुलीभोवती त्याची बारीक कड दिसायची. त्यांनी दिवसाउजेडी लांबून काढलेले दोन फोटो आणले, त्यातून तो रंग उचलला, कड परत आणली, काळ्यावर थोडे दाणे टाकले, कारण रात्रीच्या फोटोत सगळीकडं दाणे असतात आणि आमच्याच काळ्या ठिगळात नव्हते. तेव्हा कुठं त्या हसल्या. तेव्हापासून काम घेताना आम्ही दिवसाचा एक तरी फोटो मागतो.

हे गाव तसं या कामाचंच. बाबूराव पेंटरांनी स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्यावर १९२० चा 'सैरंध्री' इथंच घेतला, आणि ते आधी ब्रश धरणारे होते. जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल चालवून चेहरे सुधारायचे. आपण माउसनं तेच करतोय.

आता कधी खोडू नये ते. दोन्ही डोळे सारखेच बघत असताना एकच डोळा चमकतोय आणि दुसरा धुरकट किंवा मंद दिसतोय, असं फोटोमागून फोटोत आलं तर सॉफ्टवेअर बंद करा आणि जनावराच्या डॉक्टरांना दाखवा. मोतीबिंदू असेल तर उजेड आत-बाहेर नीट जात नाही. एका फोटोवरून काही ठरत नाही, मान जराशी वळली तरी फरक पडतो. पण तो फरक पुसून टाकला तर पुढं कुणाला दिसणारच नाही. आणि लहान मुलांच्या बाबतीत तर हे जास्तच जपा. बाळाच्या एका डोळ्यात लाल ठिपका आणि दुसऱ्यात पांढरी चमक असं वारंवार दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडं लगेच जायचं. बहुतेकदा साधं कारण निघतं, पण रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोग लहान मुलांत अशाच पांढऱ्या चमकेनं पहिल्यांदा घरच्यांच्या नजरेला येतो. लवकर कळला तर जीव वाचतो, कित्येकदा दृष्टीही. हा भाग या व्याख्यानातून काढून इतरांना पाठवलात तरी चालेल.

एक प्रश्न आलाय : काळ्या कुत्र्याचं काय? अंग काळं, डोळा काळा, त्यात आपण बाहुली काळी केली की डोळाच नाहीसा होतो. तिथं ओपॅसिटी साठ-सत्तरवर थांबवा, कडेला बुबुळाची तपकिरी रेघ राहू द्या, आणि पांढरा ठिपका अजिबात विसरू नका. दुसरा प्रश्न जुन्या छापील फोटोंचा. सहाशे डीपीआयला स्कॅन करा आणि मग हेच सगळं. छापलेल्या फोटोवर पेन चालवू नका, आमच्याकडं असे तीन येऊन पडलेत आणि ती शाई काही निघत नाही.