बारीक आहात? तरी नाडी मोजा

ओझरच्या विघ्नहराचं दर्शन घेऊन पुढे लेण्याद्रीच्या पायऱ्या चढलात, की वर पोचताच नाडी मोजा. मिनिटभर थांबून पुन्हा मोजा. विश्रांतीत व्हेगस नर्व्ह हृदयाला लगाम घालते. मिनिटात किमान १२ ठोके उतरायला हवेत.

‘मी तर बारीक’ ही समजूत फसवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१! (‘लॅन्सेट’, २००४). पोटात चरबी साठली, की हा लगाम सैल पडतो. नियमित भरभर चाललात, तर वजनकाटा फारसा न हलताही तो हळूहळू आवळतो.

बीटा ब्लॉकर गोळ्या सुरू असतील तर ही मोजणी फसते. छातीत दुखत असेल तर चढूच नका, आधी डॉक्टरांना दाखवा.