पोरगा आणि पंचावन्नचा शिकारी

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ 1883 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि गाजली. तिच्या निम्म्यानेही चांगली कादंबरी तुला जमणार नाही, अशी पैज भावाशी लागली म्हणून रायडर हॅगार्डने ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ लिहिली, असं सांगतात. ती 1885 ची.

दोन्हींत खजिना, दोन्हींत नकाशा. नायकांचा मात्र काही मेळ नाही. जिम हॉकिन्स हा खानावळवाल्याचा पोरगा. सफरचंदांच्या पिंपात बसून चाच्यांचा कट ऐकणारा, कुणाला न सांगता होडी काढणारा. अ‍ॅलन क्वाटरमेन 55 वर्षांचा, सिंहाच्या चाव्याने लंगडणारा हत्तींचा शिकारी. तो स्वतःला चक्क भित्रा म्हणवतो आणि मोहिमेआधी मुलाच्या पैशांची तजवीज करून घेतो! जिमला असला हिशेब सुचलाही नसता.

स्टीव्हन्सनचं बेट कागदावरच जन्मलं. 1881 च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये त्याने आधी नकाशा रंगवला, गोष्ट मागून सुचली. तरी तिथल्या दलदलीचा कुबट वास वाचकाच्या नाकात शिरतो.

हॅगार्ड 19 व्या वर्षीच नोकरीसाठी दक्षिण आफ्रिकेत गेला होता. त्यामुळे त्याचं डर्बन ओळखीचं वाटतं. वाळवंटापलीकडचं कुकुआनालँड मात्र निव्वळ कल्पनेतलं, आणि तिथे त्या काळच्या गोऱ्या साहेबाचा तोराही डोकावतो.