७२ तासांची सभा

तीन लाखांहून अधिक माणसांना एकाच सभेला बोलवायचं, तर मैदान केवढं लागेल? २००३च्या जुलैमध्ये आयबीएमने अशी सभा भरवली. कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळावर चर्चेची दालनं सलग ७२ तास उघडी ठेवली आणि जगभरच्या कर्मचाऱ्यांना विचारलं, आपण कोणती मूल्यं मानतो? या चर्चेचं नाव होतं ‘व्हॅल्यूजजॅम’. सुमारे ५०,००० जण तिथे फिरकले आणि जवळपास १०,००० प्रतिक्रिया जमल्या. एका खंडात रात्र झाली की दुसऱ्या खंडातले लोक कामावर येत आणि आदल्यांचं बोलणं तिथूनच पुढे नेत.

याच कंपनीची एक मुळी हजेरीच्या घड्याळापर्यंत जाते, हे कळल्यावर तर मी थक्क झालो. १८८८च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी विलार्ड बंडी या जवाहिऱ्याने एक यंत्र घडवलं. प्रत्येक कामगाराला आपल्या क्रमांकाची किल्ली मिळे. ती फिरवली की कागदावर वेळ छापली जाई. बंडींचा हा उद्योग पुढे विलीनीकरणांतून आयबीएममध्ये सामावला. माणूस कधी आला, कधी गेला, एवढंच त्या यंत्राला कळे. त्याच्या मनात काय आहे, हे टिपायला शंभरहून अधिक वर्षं लागली.

आणि मनातलं बाहेर आलं ते कडवट! कंपनीला आता शेअरच्या भावापलीकडे काही दिसत नाही, अशा तक्रारी पहिल्या काही तासांतच, सर्वांच्या डोळ्यांदेखत झळकू लागल्या. एका वरिष्ठ अधिकाऱ्याला तर हा प्रकार तिथेच थांबवावासा वाटला. कंपनीचे प्रमुख सॅम पामिसानो यांनी नकार दिला आणि ते स्वतः चर्चेत उतरले. साऱ्या प्रयोगाचा जीव या नकारात होता, असं मला मनापासून वाटतं. अशा चर्चेचं सॉफ्टवेअर कुठलाही एचआर विभाग विकत आणू शकतो. पण पहिल्या संतापानंतर दालन बंद केलं असतं, तर पुन्हा तिथे खरं कोण बोललं असतं? दिवसभर राग निघाल्यावर दुसरे कर्मचारी पुढे आले, टीकेला उत्तरं देऊ लागले, आणि चर्चेचा सूर बदलला.

एवढा मजकूर वाचायचा कसा? त्यासाठी मजकुराची वर्गवारी करणारं सॉफ्टवेअर वापरलं गेलं. अशा वर्गवारीची रीत मोठी विलक्षण असते. प्रतिक्रियेत कोणते शब्द किती वेळा आले, हे यंत्र मोजतं. त्यातून प्रत्येक प्रतिक्रियेची आकड्यांची एक रांग तयार होते. ज्या रांगा एकमेकींच्या जवळ येतात, त्यांचा एक गट पडतो. ‘विश्वास’ म्हणजे काय, हे यंत्राला ठाऊक नसतं. तरी विश्वासाबद्दल बोलणारी माणसं ते एकत्र आणून ठेवतं!

पामिसानो मात्र या गटांवर थांबले नाहीत. छापलेल्या प्रतिक्रियांचा जाडजूड गठ्ठा त्यांनी स्वतः वाचला. नोव्हेंबरमध्ये तीन मूल्यं जाहीर झाली: ग्राहकाच्या यशासाठी झटणं, जगाला उपयोगी पडेल असं नवं काही घडवणं, आणि विश्वास व वैयक्तिक जबाबदारी. तिसऱ्या मूल्याला लगेच पैशांचं पाठबळ मिळालं. ग्राहकाची नड भागवायला कनिष्ठ पातळीवरच्या व्यवस्थापकांना वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत खर्चाची मुभा दिली गेली, वरची सही न घेता.