परदेशातील समाजकेंद्र, तेथील मुले आणि आपण

आपल्या मंडळातील अनेक ज्येष्ठ सभासदांची मुले आता इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे स्थिरावली आहेत. वर्षा-दोन वर्षांनी त्यांच्याकडे काही महिने राहण्याचा योग येतो. मुलगा-सून कामावर गेली की दिवस खायला उठतो, आणि उभे आयुष्य रुग्णांच्या गराड्यात काढलेल्या माणसाला ते रिकामपण सोसवत नाही. जवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये मुलांसाठी उपक्रम चालतात असे कळते आणि आपणही हातभार लावावा असे वाटते. ही इच्छा स्तुत्यच आहे. मात्र या कामाला काही नियम आहेत, आणि त्यांच्यामागे वैद्यकशास्त्राला परिचित अशी काही सत्ये आहेत. त्यांची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू.

अशा केंद्रांची परंपरा जुनी आहे. लंडनच्या पूर्व भागात व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीत सॅम्युएल व हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने १८८४ साली 'टॉयनबी हॉल' सुरू केला. विद्यापीठातील तरुणांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन शेजारी म्हणून राहावे, ही त्यामागील कल्पना. ती पाहून जेन अॅडम्स यांनी एलेन गेट्स स्टार यांच्यासह १८८९ साली शिकागोत 'हल हाउस' उभारले. अॅडम्सबाई तेथे अखेरपर्यंत राहिल्या. १९३१ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या परंपरेचा पाया सहवास आणि सातत्य हा होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सातत्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर बालमानसशास्त्र देते. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या प्रबंधात मातृसहवासाच्या अभावाचे परिणाम मांडले. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट सादर केला. आईपासून दुरावलेले मूल आधी आकांत करते, मग खचते आणि शेवटी अलिप्त होते, हा क्रम त्यांनी दाखवून दिला. वॉर्डातील परिचारिका या शेवटच्या अवस्थेलाच 'मूल रुळले' असे समजत. पुढे १९५९ च्या प्लॅट अहवालाने आईवडिलांना मुलांना भेटण्याची मुक्त मुभा असावी अशी शिफारस केली. आज बालरुग्णाच्या खाटेशेजारी आई असते, त्यामागे या अभ्यासकांचे श्रम आहेत.

रुमानियातील बुखारेस्ट येथे याच सहस्रकाच्या आरंभी सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमध्ये वाढणाऱ्या १३६ बालकांपैकी निम्म्यांना यादृच्छिक निवडीने पालक-कुटुंबात ठेवण्याची योजना होती. कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ सरस दिसली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना जिव्हाळ्याच्या नात्याच्या बाबतीत विशेष लाभ झाला.

येथे एक सूक्ष्म गोष्ट सांगितली पाहिजे. एखाद्या बालगृहात आपण प्रथमच जातो आणि चार वर्षांचे मूल धावत येऊन गळ्यात पडते. आपले मन भरून येते. परंतु आपल्याकडे तपासणीला येणारे मूल काय करते ते आठवून पाहावे. ते आईच्या पदराआड दडते, आणि तेच निरोगीपणाचे चिन्ह आहे. परक्याला पाहताच बिलगणारे मूल कदाचित अनेक माणसे येऊन निघून गेल्याचे सांगत असते. आपणही महिन्याभराने जाणार असू, तर त्या यादीत एक भर पडते.

कंबोडियात या भावनेचा व्यापार झाला. २००५ ते २०१० या काळात तेथील अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, आणि तेथील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. परदेशी पाहुणे व त्यांच्या देणग्या यांमुळे गरीब घरांतील मुले संस्थांमध्ये ओढली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या बालहक्कविषयक ठरावात अशा स्वयंसेवेच्या धोक्याची दखल घेतली. म्हणून पहिला विवेक हा की, ज्या केंद्रातून मूल संध्याकाळी आपल्या घरी जाते, तेथेच काम करावे.

दुसरा भाग नियमांचा. इंग्लंडमधील सोहॅम गावी २००२ साली एका शाळेच्या रखवालदाराने दोन मुलींचा खून केला. त्याच्याविरुद्ध अन्यत्र पूर्वी आलेल्या तक्रारी नेमणुकीच्या वेळी पुढे आल्या नव्हत्या. त्यानंतर चौकशी होऊन पार्श्वभूमी-तपासणीची व्यवस्था अधिक कडक झाली. आपण प्रतिष्ठित डॉक्टर असलो तरी तेथे पोलिसांचा दाखला मागितला जातो. त्यात अपमान मानू नये. इंग्लंडला पाहुणा म्हणून गेलेल्यास नोंदणीकृत धर्मादाय संस्थेतच, तेही एकूण ३० दिवसांपर्यंत, स्वयंसेवा करता येते. अन्य देशांचे नियम निराळे असल्याने ते आधी पाहावेत.

प्रत्यक्ष कामात पुढील गोष्टी पाळाव्यात:

१. मुलाबरोबर बंद खोलीत एकटे राहू नये. गालगुच्चा घेणे, मांडीवर बसवणे या आपल्या सहज सवयी आवराव्यात.

२. घरचा खाऊ वाटू नये. शेंगदाण्याची चिक्की अॅलर्जी असलेल्या मुलाच्या जिवावर बेतू शकते.

३. पालकांच्या संमतीवाचून छायाचित्र काढू नये.

४. तेथील नोंदणी नसताना औषधोपचार किंवा सल्ला देऊ नये. शंकास्पद काही दिसल्यास केंद्रप्रमुखांना कळवावे.

५. मुलाने काही दुःखद सांगितले तर शांतपणे ऐकावे, 'कुणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये, खोदून विचारू नये. त्याचेच शब्द लिहून ठेवून त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीस द्यावेत.

६. जेवढे दिवस येणार तेवढेच सांगावे, ठरल्या वेळी यावे आणि जाण्यापूर्वी मुलांचा रीतसर निरोप घ्यावा.

चौथा नियम आपल्याला सर्वांत जड जातो, कारण तपासण्यासाठी हात आपोआप पुढे होतो. परंतु गोष्ट सांगणे, कागदाची होडी करून देणे, बुद्धिबळाचा डाव मांडणे यांसाठी पदवी लागत नाही, आणि मुलांना त्याच गोष्टी हव्या असतात.

ही शिस्त परदेशापुरती ठेवण्याचे कारण नाही. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले आहे, आणि डॉक्टर त्याला अपवाद नाहीत. तसेच नातवंडाच्या वाढदिवशी अनाथाश्रमात जाऊन पेढे वाटण्याची आपली प्रथाही या प्रकाशात तपासून पाहावी. वर्षातून एकदा पन्नास मुलांना भेटण्यापेक्षा एखाद्याच मुलाचा अभ्यास दर शनिवारी वर्षभर घेणे, हे त्या मुलाच्या अधिक उपयोगी पडेल. आपण येणार हे त्याला ठाऊक असेल, आणि आपण खरोखरच येऊ.