कुसात्सूचे ऊन पाणी

गरम पाण्याचे झरे आपल्या लोकांना नवे नाहीत. ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी-अकलोली, कोकणातील उन्हवरे, राजापूर ही नावे सर्वांच्या ओळखीची आहेत. बुद्धगयेच्या यात्रेला जाऊन आलेल्या आमच्या कित्येक माता-भगिनींनी राजगृहाच्या वैभार टेकडीखालची कुंडेही पाहिली असतील. विनयपिटकात तेथली एक गोष्ट आहे. बिंबिसार राजा डोके धुण्यासाठी त्या झऱ्यावर आला, तेव्हा भिक्खू स्नान करीत होते. राजा थांबून राहिला. भिक्खूंचे आटोपेपर्यंत रात्र झाली, नगराचे दरवाजे बंद झाले आणि राजाला वेशीबाहेर रात्र काढावी लागली. तथागतांनी यावर दोष दिला तो भिक्खूंना, आणि त्यांच्या स्नानावर मर्यादा घातली. पाण्यावर आधी कोण, मागाहून कोण, हा प्रश्न असा अडीच हजार वर्षांपूर्वीही होताच.

जपानात अशा झऱ्यांना ओन्सेन म्हणतात. सारा देश ज्वालामुखींवर वसलेला, म्हणून तेथे सत्तावीस हजारांच्या वर उगम आहेत. १९४८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीतून निघणारे पाणी २५ अंश सेल्सिअस किंवा अधिक ऊन असले, अथवा त्यात ठरावीक द्रव्ये पुरेशा प्रमाणात असली, म्हणजे त्याला ओन्सेन म्हणता येते. झऱ्याजवळ मुक्कामाची जी जुन्या वळणाची घरे असतात त्यांना र्‍योकान असे नाव आहे. आमचा भाचा नोकरीनिमित्त तोक्योत राहतो. त्याच्या आग्रहामुळे अशा एका घरी दोन रात्री राहण्याचा योग आम्हाला आला.

गाव कुसात्सू, प्रांत गुन्मा. तोक्योच्या उएनो स्टेशनातून अडीच तास आगगाडी आणि पुढे अर्धा तास बस. गाव सुमारे बाराशे मीटर उंचीवर, चहूकडे डोंगर आणि झाडी. बसमधून उतरताच सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा. गावाच्या मधोमध ‘युबाताके’ आहे. शब्दाचा अर्थ ऊन पाण्याचे शेत. आपल्याकडे पाटाने उसाला पाणी देतात, तसे येथे लाकडी पन्हाळांतून कढत पाणी खेळवून निववतात आणि तळाशी बसलेले गंधक गोळा करतात. साऱ्या गावात मिळून मिनिटाला बत्तीस हजार लिटरांहून अधिक पाणी आपोआप वर येते. ते लिंबाच्या रसासारखे आंबट आहे. लोखंडी खिळा त्यात काही दिवसांत झिजून जातो आणि चांदीचे दागिने काळे पडतात. भगिनींनी पैंजण-जोडवी खोलीतच ठेवावीत.

र्‍योकानच्या दारात पादत्राणे काढावी लागतात, हे आपल्या घरासारखेच. खोलीत खाट नाही, खुर्ची नाही. गवताच्या जाड चटया, त्यांना ततामी म्हणतात, आणि मध्ये एक बुटके मेज. पाहुण्याला सुती झगा देतात, तो युकाता. त्याची डावी बाजू नेहमी उजवीवर यावी. उलट बाजू फक्त मृताला नेसवतात. आम्ही पहिल्यांदा उलटाच गुंडाळू लागलो तेव्हा घरच्या वृद्ध मालकीणबाईंनी धावत येऊन तो सरळ केला! आपण जेवायला बसलो की कामकरी माणसे खोलीत गाद्या अंथरून जातात. भाडे खोलीमागे नसून माणशी असते आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. मासे, भात, मिसोचे सार, लोणची असा बेत असतो. शाकाहारी माणसाने आधीच कळवावे, कारण सारातसुद्धा मासळी असते.

न्हाणीघराच्या दारावर कापडी पडदा असतो. पुरुषांचा बहुधा निळा, स्त्रियांचा लाल. आत अंगावर एकही वस्त्र चालत नाही. बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच हौदात उतरायचे. हौदात साबण नाही, पंचाही नाही, तो डोक्यावर घडी करून ठेवतात. आमच्या सौ.ना पहिल्या दिवशी धीर होईना. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या आणि तासाभराने परतल्या, त्या एका शेतकरणीची ओळख करूनच. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ज्यांना अगदीच संकोच वाटतो त्यांच्यासाठी कित्येक ठिकाणी कुटुंबापुरते न्हाणीघर तासाच्या बोलीने मिळते.

ही चैन श्रीमंतांचीच, असे वाचकांना वाटेल. आज भाडे पाहता ते बरेचसे खरेही आहे. पण मूळची रीत कष्टकऱ्यांची आहे. तिला ‘तोजी’ म्हणतात. लावणी आटोपली की किंवा कापणीनंतर शेतकरी आणि कोळी तांदूळ, मिसो पाठीवर घेऊन झऱ्यावर यायचे, स्वतः रांधून खायचे आणि आठवडा-दोन आठवडे अंग शेकायचे. इवाते प्रांतातील ओसावा ओन्सेन येथे अशा हाताने रांधून राहणाऱ्यांसाठी वेगळा भाग अजून चालू आहे. कुसात्सूतही काही सार्वजनिक न्हाणीघरे पाहुण्यांना फुकट खुली आहेत. वर्षभर अंग मोडून राबणाऱ्याने काही दिवस पाण्यात पडून राहावे, यात आळस कसला? आमच्याकडे गिरणीतून निवृत्त झालेल्या माणसालाही घरी नुसते बसल्याची लाज वाटते.

आणखी एक सूचना. पुष्कळ ओन्सेनांत गोंदलेल्या माणसाला आत घेत नाहीत, कारण तेथे गोंदण म्हणजे गुंडांच्या टोळ्यांची खूण समजतात. २०१३ साली होक्काइदो बेटावर न्यूझीलंडच्या एका माओरी बाईंना तोंडावरील परंपरागत गोंदणामुळे न्हाणीघरात मज्जाव झाला. आपल्या आज्यांच्या कपाळावर, हातावर गोंदण असते, तरुण मुले दंडावर ‘जय भीम’ गोंदवून घेतात. जाणाऱ्यांनी खोली ठरवतानाच विचारून घ्यावे.

येथून आम्ही मुद्द्याकडे येतो. युबाताकेच्या वरच्या अंगाला पायऱ्या चढून कोसेन-जी हे बौद्ध मंदिर आहे. ते गियोकी या भिक्षूने स्थापले अशी परंपरा सांगतात. गियोकी (६६८–७४९) हा ऐतिहासिक पुरुष. सरकारने मनाई केली असताना तो मठाबाहेर पडून सामान्य लोकांत हिंडला. त्याने पूल बांधले, तळी खणली. त्याच काळातील सम्राज्ञी कोम्यो हिने गोरगरिबांसाठी औषधशाळा काढली. तिच्याविषयी आख्यायिका अशी, की तिने एक हजार लोकांना स्वतःच्या हातांनी न्हाऊ घालण्याचा संकल्प केला आणि हजारावा आला तो महारोगी. तिने त्यालाही न्हाऊ घातले. पुढे तो बुद्धरूपात प्रकट झाला म्हणतात. तो चमत्कार आपण सोडून देऊ. राणीने महारोग्याची पाठ धुतली ही कल्पना एका समाजाला सुचली आणि त्याने ती शेकडो वर्षे जपली, एवढे आम्हाला पुरे आहे.

जपली खरी, पण पाळली का? कुसात्सूच्या पाण्याने त्वचेचे रोग बरे होतात या समजुतीने तेथे कुष्ठरोगी फार येत. १८८७ मध्ये त्यांना गावातून काढून खालच्या बाजूस युनोसावा नावाची निराळी वस्ती करून दिली. वस्ती खालच्या अंगाला, गावाबाहेर! आपल्याला याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. तरीही लोकांनी तेथे घरे बांधली, दुकाने काढली, संसार थाटले. मग १९३१ च्या कायद्याने सक्तीने कोंडून ठेवण्याचे धोरण आले, १९३२ साली गावापासून काही अंतरावर कुरियू राकुसेन-एन हे सरकारी रुग्णालय उघडले आणि १९४१ मध्ये युनोसावाची वस्ती मोडण्यात आली. रोग औषधाने बरा होऊ लागल्यावरही १९५३ च्या कायद्याने सक्ती कायम ठेवली. ती उठली १९९६ मध्ये. २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयाने हे धोरण घटनाबाह्य ठरवले, आणि सरकारने अपील न करता माफी मागितली.

कायदा गेला, पाण्याचे काय? क्यूशू बेटावर कुरोकावा हे रानातल्या ओढ्याकाठचे सुंदर ओन्सेन-गाव आहे. तेथे एक लाकडी बिल्ला विकत घेतला की कोणाही पाहुण्याला तीन वेगवेगळ्या घरांच्या उघड्या कुंडांत स्नान करता येते. त्याच गावी २००३ साली कुमामोतोच्या प्रांत सरकारने रोगमुक्त झालेल्या वृद्धांच्या सहलीसाठी एका हॉटेलात खोल्या ठरवल्या होत्या. पाहुणे कोण आहेत हे कळताच हॉटेलने नकार दिला. कारण सांगितले, इतर गिऱ्हाइकांना त्रास होईल. महाडचे चवदार तळे बाबासाहेबांनी १९२७ साली खुले केले, तेव्हाही स्पृश्यांचे म्हणणे याहून फारसे वेगळे नव्हते. कुरोकावाच्या हॉटेलवाल्यांनी मागाहून माफी मागितली. त्या वृद्धांना ती मनापासूनची वाटली नाही, म्हणून त्यांनी ती स्वीकारली नाही. त्यावर देशभरातून शिव्यांची पत्रे आली, ती त्या वृद्धांनाच! ते हॉटेल २००४ मध्ये बंद झाले.

कुसात्सूला जाणाऱ्यांनी युबाताकेचे फोटो जरूर काढावेत. फळ्यांनी पाणी घुसळून निववण्याची तेथली जुनी रीत बायका गाणी म्हणत करून दाखवतात, तीही पाहावी. पण एक दुपार राकुसेन-एनच्या बाजूला काढावी. तेथे कुष्ठरुग्णांना शिक्षा म्हणून कोंडण्याच्या अंधारकोठड्या होत्या. १९३८ ते १९४७ या काळात त्यांत ९३ जणांना डांबले आणि त्यांपैकी २३ जण मरण पावले. डोंगरावरच्या हिवाळ्यात, बर्फात, विस्तवाशिवाय. २०१४ पासून तेथे संग्रहालय आहे, त्यात कोठडीचा काही भाग मूळ मापाने उभारला आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आम्ही गेलो त्या दिवशी आमच्याशिवाय शाळेच्या मुलांचा एक गट होता, आणि शिक्षक त्यांना एकेक करून त्या कोठडीच्या बुटक्या दारातून आत जायला सांगत होते.